चुंबळीवरचा नवरदेव

कार्तिक हा आंबट महिना आहे. दिवाळीच्या करंज्या डब्याच्या तळाशी जातात न जातात तोच साताऱ्याच्या मंडईत आवळे येतात, त्यांच्या मागून बोरं, मग हिरव्या चिंचा, आणि गोड खाऊन जड झालेली जीभ पुन्हा ताळ्यावर येते. आज सकाळी मी आवळ्यांच्या ढिगापुढे उभी होते, तेवढ्यात आमच्या गल्लीतली नवी सून, पूनम, पिशवी सावरत आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "काकू, तुमचा नवरा संध्याकाळी आमच्याकडे कधी पाठवताय?"

आवळेवालीचा हात तराजूवरच थांबला. मी शांतपणे म्हटलं, "आधी कोपऱ्यावरच्या घरी त्याचं लग्न आहे. ते उरकलं की तुमच्याकडे." आवळेवालीने दोन आवळे वर टाकले. बहुधा माझी दया आली असावी.

"आणि नवऱ्याकडच्यांसाठी नारळ किती घेऊ?" पूनमने विचारलं. "सासूबाई म्हणाल्या, काकूंनाच विचार."

"तीन घे."

"तीनच का?"

"संध्याकाळी सांगते," म्हणून मी आवळे पिशवीत घेतले.

हा नवरा म्हणजे एक दगड आहे. मोसंबीएवढा, काळसर करडा, मेंढ्याच्या शिंगासारखा आत आत वळत गेलेला. माझ्या विषयात त्याला अमोनाइट म्हणतात. कधी काळी समुद्रात पोहणारा, आठ-दहा हातांचा, शंखात राहणारा प्राणी होता तो, माकुळाच्या, म्हणजे स्क्विडच्या, लांबच्या नात्यातला. माझ्या आत्याच्या देवघरात मात्र त्याला शाळिग्राम म्हणत, आणि तुळशीच्या लग्नाच्या दिवसांत सगळ्या गल्लीचा तो एकुलता एक नवरदेव असे. इतरांकडे बाळकृष्ण होते, नाही असं नाही. पण बायका म्हणायच्या, आत्याच्या घरचा नवरा हिमालयातून आलाय, त्याचा मान मोठा. त्यामुळे द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत तो तबकात बसून दारोदार बोहल्यावर चढायचा आणि मग वर्षभर देवघरात विश्रांती घ्यायचा. अजूनही तेच चालू आहे, फक्त आता तो माझ्याकडे असतो.

तो एका जुनाट हिरव्या कापडाच्या चुंबळीवर बसतो. पाण्याची घागर डोक्यावर घेताना खाली ठेवतात तसली चुंबळ. देवाला चांदीचं आसन करायचं सोडून चुंबळ का, असं नवीन माणूस हमखास विचारतो. ती चुंबळ ज्या कार्तिकात आली तो कार्तिक मला दरवर्षी आवळ्यांच्या वासाबरोबर आठवतो.

नव्वदच्या दशकाच्या मध्यातला तो कार्तिक. मी मूळची आष्ट्याची. ऊसतोड सुरू झाली की आमच्याकडे रस्त्याला बैलगाड्यांची रांग लागायची, हवेत मळीचा वास भरून राहायचा आणि वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर काजळीचे बारीक ठिपके पडायचे. मी सांगलीला होस्टेलवर राहून भूशास्त्रात एम.एस्सी. करत होते. वडिलांना ह्या विषयाचं शेवटपर्यंत हसू यायचं. "दगडं शिकायला सांगलीला कशाला जातीस?" ते म्हणायचे. "आपल्या रानात काय कमी हायत व्हय?"

खरं तर त्यांच्या रानात मला हवा तो दगड नव्हता. आमचा सगळा मुलूख लाव्ह्याचा. अजिंक्यताऱ्यापासून आष्ट्याच्या विहिरीच्या तळापर्यंत काळा कातळ, थरावर थर. त्यात समुद्री जीवाचं कवच शोधणं म्हणजे भाकरीच्या पिठात मासा शोधणं. आणि मी हट्टाने प्रकल्प घेतला होता तो ट्रायासिक आणि ज्युरासिक ह्या दोन काळांच्या सांध्यावरच्या समुद्री जीवांचा. वीस कोटी वर्षांपूर्वीची ती हद्द. तिच्या अलीकडे-पलीकडे समुद्र तोच होता, पण त्यातली वस्ती बदलून गेली होती. हद्दीपाशी अशी काही मरी आली की घराणीच्या घराणी बुडाली. अमोनाइट तर जवळजवळ संपलेच होते. एखाददुसरी फांदी तेवढी वाचली आणि पुढे ज्युरासिकमध्ये जे हजारो जातींचे अमोनाइट समुद्रभर पसरले ते सगळे त्या वाचलेल्यांचे वंशज.

हे सगळं मला पाठ होतं. लहान मुलीने गोष्ट सांगावी तसं मी ते कुणालाही सांगत सुटायचे. पण खडक नव्हता. आमची हिमालयातली सहल रस्ता खचल्यामुळे रद्द झाली होती. प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक होता, ॲसिड होतं, शिकवायला हौशी सर होते, आणि मी त्यांच्यासमोर रिकाम्या हाताने बसले होते.

भाऊबीजेला वडिलांबरोबर साताऱ्याला आत्याकडे गेले. आत्याच्या यजमानांना आम्ही मामा म्हणायचो. फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले आणि तेव्हा औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या गेटवर मुख्य पहारेकरी. माणूस कमी बोलणारा, पण कडवट नव्हे. सकाळी अंथरुणाची घडी अशी घालायचे की तिच्या कडेने रेघ आखून घ्यावी. आत्या त्यांच्या अगदी उलट. ती भांड्यांशी बोलायची, देवांशी बोलायची, चुलीवरच्या दुधाला दम द्यायची.

त्या दिवशी ती देव घासत होती. पितळेचे देव चिंचेने घासून, धुऊन, एका ताम्हनात दह्यादुधाची आंघोळ. त्याच ताम्हनात शाळिग्रामही. लहानपणापासून मी तो दगड बघत आले होते, मला त्यावर वाहिलेली साखर खायला आवडायची. त्या दिवशी ओल्या दगडावर खिडकीतला उजेड पडला आणि मी आत्याच्या हातातून तो जवळजवळ हिसकावूनच घेतला.

पाठीवर रेघा होत्या. तुळशीच्या पानांची नक्षी कोरावी तशा, वळत, फाटे फुटत गेलेल्या. अमोनाइटच्या शंखात आत खोल्या असतात आणि प्रत्येक खोलीची भिंत बाहेरच्या कवचाला जिथे चिकटते तिथे अशी रेघ उमटते. कवच गेल्याशिवाय ती दिसत नाही. दगडाच्या पोटाला मात्र एका बाजूने मूळचा चुनखडीचा खडक तसाच चिकटलेला होता. त्याच्यामुळेच तो देवघरात न लवंडता नीट बसायचा.

"ह्या रेघा आधीपासून होत्या का गं आत्या?"

"पयले न्हवत्या," आत्या अभिमानाने म्हणाली. "माझ्या हातानं उमटल्यात. आदी नुसता गुळगुळीत व्हता. जशी पूजा वाढली तशी तुळस उमटाय लागली त्याच्या अंगावर."

दुपारी मामा ओट्यावर बसले होते, त्यांना विचारलं, हा आणला कुठून. "हिमालयातनं" एवढंच उत्तर मला आजवर माहीत होतं. मी प्रकल्पाचं सांगितलं, रद्द झालेल्या सहलीचं सांगितलं, स्पिती हे नाव घेतलं, आणि मामांनी मान वर केली.

"स्पितीचाच हाय त्यो," ते म्हणाले.

मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांनी घरात एकदाच, आत्याला, आल्या आल्या सांगितलं होतं. डोंगर कापून रस्ता चालला होता. मामा आणि त्यांच्या हाताखालची तीन माणसं एका वळणावर काम करत होती. पाण्याचा डबा खालच्या तंबूत राहिला म्हणून मामा तो आणायला उतरले. वरून आवाज आला आणि डोंगराची ती बाजू वळणासकट खाली बसली. बाकीची पलटण येईपर्यंत मामा एकटेच हातांनी दगड उपसत होते. माणसं सापडली, पण उशिरा. आपल्या मुठीत हा दगड तसाच राहिलाय हे मामांना संध्याकाळी कुणी पाण्याचा पेला पुढे केला तेव्हा कळलं. शेजारच्या कंपनीतला एक बनारसचा जवान म्हणाला, साब, ये तो शालिग्राम है, फेंकना मत.

"तवा टाकला न्हाई," मामा म्हणाले.

आत्याने त्या दगडाला देव केलं, कारण तिच्या लेखी त्यानेच तिच्या नवऱ्याला पाणी आणायला खाली धाडलं. रोज पूजा करताना ती मोठ्याने म्हणायची, ह्यानं माझं कुंकू राखलं. आणि रोज नेमकं त्या वेळी मामा घराबाहेर जायचे. तुळशीच्या लग्नाला गल्ली भरायची तेव्हा ते रस्त्याच्या पलीकडे स्कूटर पुसत बसायचे. आम्हा मुलांना वाटायचं, त्यांना बायकांची गर्दी आवडत नाही.

"राखलं म्हणती," ते ओट्यावर मला म्हणाले. "राखलं असंल. मग त्या तिघांस्नी का न्हाई राखलं? त्यांनी काय त्याचं घोडं मारलं व्हतं?"

माणसाला सुचेनासं झालं की तो स्वतःच्या विषयात शिरतो, तशी मी शिरले. मरीची गोष्ट सांगितली. बुडालेली घराणी सांगितली, वाचलेली फांदी सांगितली. मामा इतके कान देऊन ऐकत होते की मला सरांची आठवण झाली. सांगून संपलं तेव्हा ते म्हणाले, "आन् ह्यो? ह्यो मेलेल्यांतला का वाचलेल्यांतला?"

प्रश्न बरोबर होता. पुढे मी अनेक चर्चासत्रांना गेले, पण त्या खडकाला इतका नेमका प्रश्न कुणी विचारलेला मला ऐकू आला नाही. मी सांगितलं की नुसत्या रेघांवरून छातीठोक सांगता येणार नाही, तसली पानांची नक्षी हद्दीच्या दोन्ही बाजूंना सापडते. पण पोटाला चिकटलेला चुनखडीचा तुकडा काढून विरघळवला तर त्यात सूक्ष्मजीवाश्म मिळतील. डोळ्यांना न दिसणारे जीव, पण साक्ष पक्की. त्यांतले कोनोडॉन्ट नावाचे दात मिळाले तर दगड हद्दीच्या आधीचा, कारण ते प्राणी त्या मरीतून पलीकडे आलेच नाहीत.

"काढ मग," मामा म्हणाले.

"काय काढ?" आत्या दारात उभी होती. हातातल्या ताटात आमच्यासाठी चिवडा होता. "देवाला फोडून ॲसिडात घालनार? चार दिसांवर त्याचं लगीन आलंय."

चार नव्हे, थोडे जास्त दिवस होते, पण हे सांगायची ती वेळ नव्हती. आत्याने चिवड्याचं ताट खाली ठेवलं आणि ती आत गेली. मामांचा चेहरा मी पाहिला. आजवर त्या माणसाने घरात काही मागितलेलं मला आठवत नव्हतं. आत्याचाही राग खोटा नव्हता. तिच्या हिशेबी तो दगड फुटला तर नवऱ्याच्या आयुष्याला बांधलेली गाठच सुटणार होती. वडील त्या संध्याकाळी आष्ट्याला परतले, मी मागे राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा चिंच, पुन्हा दही. मी आत्याशेजारी बसले आणि तिला विचारून दगडाच्या बैठकीवर लिंबाचा एक थेंब पिळला. बारीक फेस आला. आत्या वाकून बघत राहिली. मग तिने कान जवळ नेला. चुनखडीवर आंबट पडलं की अगदी हलका आवाज होतो, तव्यावर पाण्याचा शिंतोडा पडावा तसा.

"ह्ये काय करतंय?"

"विरघळतंय. चुनखडी आहे ती. चिंच, दही, लिंबू, काहीही आंबट लागलं की थोडी थोडी जाते. वरचं कवच असंच गेलं, म्हणून रेघा दिसायला लागल्या."

"म्हंजे माझ्या हातानं त्यो..."

मी घाईने सांगितलं की ह्यात वाईट काही नाही. आम्हीही प्रयोगशाळेत हेच करतो, तिने ते जास्त नजाकतीने केलंय. पण आत्या उठून गेली. दिवसभर ती कुणाशी बोलली नाही, भांड्यांशीही नाही. जेवताना मामांनी दोनदा तिच्याकडे पाहिलं. मला माझ्या हुशारीचा राग आला. देवावर लिंबू पिळायचं धाडस आमच्या घराण्यात आधी कुणी केलं नसेल.

तिसऱ्या सकाळी पूजेच्या वेळी तिने मामांना हाक मारली. "आवं, जाऊ नगा भाईर. हिकडं या." मामा दारात थांबले. आत्या दगड पुसत होती, त्या दिवशी साध्या पाण्याने. "इतकी वर्सं मी रोज खाल्ला त्याला थोडा थोडा, तवा मला कुणी आडवलं न्हाई," ती म्हणाली. "तुमी एकदा मागताय तर मी कशी नगं म्हनू? पर बैठक घ्या. त्याच्या अंगाला हात लावू नगा. आन् त्यो ह्या घराभाईर न्यायचा न्हाई."

छिन्नी मामांनीच चालवली. आत्याने दगडाला कुंकू लावलं, काहीतरी पुटपुटली आणि तोंड फिरवून उभी राहिली. मामांनी हातोडीने हलके हलके ठोके देत चुनखडीचा तुकडा असा सुटा केला की मूळ शंखावर ओरखडाही आला नाही. बैठक गेलेला देव मात्र पाटावर ठेवला की लगेच कलंडायचा. एकदा तर घरंगळत ताम्हनापर्यंत गेला. आत्याला त्या परिस्थितीतही हसू आलं. "नवरा पळाय लागला की," ती म्हणाली. मामा आत गेले आणि ट्रंकेतून त्यांचा जुना हिरवा फौजी शर्ट घेऊन आले. त्याची बाही फाडून आत्याने पीळ देऊन चुंबळ केली. देव तिच्यावर नीट बसला.

मी तुकडा रुमालात बांधून सांगलीला आले. दिवाळीची सुट्टी होती, सरांनी माझ्यासाठी प्रयोगशाळा उघडून दिली. पातळ केलेल्या ॲसिटिक ॲसिडमध्ये तुकडा बुडवला आणि सगळ्या मजल्यावर लोणच्याच्या बरणीचा वास सुटला. रोज ॲसिड बदलायचं, खाली बसलेला गाळ बारीक चाळणीतून धुवायचा, वाळवायचा, मग सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या कुंचल्याच्या टोकाने कण कण बाजूला करायचा. तांदूळ निवडणाऱ्या बाईसारखी माझी पाठ दुखायची. पण त्या गाळात काय काय होतं म्हणून सांगू. स्पंजांच्या काचेसारख्या सुया. रेडिओलारिया नावाच्या सूक्ष्म समुद्री जीवांचे जाळीदार गोळे, इतके रेखीव की सोनाराने हात टेकावेत. एवढं सगळं सामान आत्याच्या देवाच्या बैठकीत भरलेलं होतं आणि त्यावर इतकी वर्षं आम्ही खडीसाखर ठेवत होतो.

मी खिडकीबाहेर बघायचे तेव्हा आयर्विन पुलाच्या बाजूला कृष्णेवर धुकं असायचं. ह्या नदीचा तळ लाव्ह्याचा, आणि लाव्ह्याशी अमोनाइटांचं जुनं वैर आहे. वीस कोटी वर्षांपूर्वीची ती मरीसुद्धा दूरच्या कुठल्याशा लाव्ह्याच्या उद्रेकांमुळे आली असं आता मानतात. तिच्यातून वाचलेल्या फांदीचा पुढे एवढा विस्तार झाला, आणि तो सगळा विस्तार संपला तो आमचा हा काळा कातळ जमिनीतून वर येत होता त्याच सुमारास. म्हणजे आम्ही त्यांच्या शेवटाच्या साक्षीदारावर घरं बांधून राहतो, उन्हाळ्यात त्याच्यावर पापड वाळवतो. मला ह्या विचाराने कधी उदास वाटलं नाही. उलट आपला पत्ता फार मोठ्या गावातला आहे असं वाटून ऐट येते.

आणि एका सकाळी कुंचल्याच्या टोकाशी तो आला. काळपट, चकचकीत, एका कडेने करवतीसारखे दाते, मोहरीच्या दाण्याहूनही कितीतरी लहान. कोनोडॉन्ट. मी खुर्ची मागे ढकलून उभी राहिले आणि रिकाम्या प्रयोगशाळेत एकटीच हसत सुटले. मागोमाग आणखी मिळाले. सरांनी डोळा लावून खूप वेळ पाहिलं. "ट्रायासिक," ते म्हणाले. "शंकाच नको. तुझा प्रकल्प झाला."

त्या आनंदात मी साताऱ्याची एस.टी. पकडली. पेठ नाक्यापर्यंत मी मनात प्रकल्पाची प्रस्तावना लिहीत होते. कराडला गाडी थांबली, कुणीतरी खिडकीशी आवळासुपारी विकायला आलं, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की मामांना जाऊन काय सांगायचंय. मेलेल्यांतला. त्यांनी डोंगराखालून उचललेला दगडही मेलेल्यांतला. कराडपासून साताऱ्यापर्यंत मी खोटं बोलण्याचा विचार केला, हे कबूल करायला हरकत नाही. वाचलेल्यांतला म्हटलं असतं तर कुणाचं काय गेलं असतं? दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर गोष्ट वेगळी. पण मामांनी प्रश्न विचारला होता तो खरं ऐकण्यासाठी.

संध्याकाळी गल्लीतलं पहिलं लग्न आत्याच्याच अंगणात होतं. तुळशीला ऊस बांधून झाले होते, वृंदावनाला गेरू लागला होता, आवळे-बोरं-चिंचा परडीत तयार होत्या. मामा स्कूटरपाशी होते. मी सरळ त्यांच्याकडे गेले आणि सांगितलं, दगड हद्दीच्या आधीचा आहे. त्याच्या बरोबरीचे त्या समुद्रातले जवळजवळ सगळे मेले.

"पक्कं?"

"पक्कं."

त्यांनी फडकं सीटवर ठेवलं. मला वाटलं, मी ह्या माणसाचं उरलंसुरलं मोडलं. मग ते म्हणाले, "बरं झालं."

"बरं कसं?" मी विचारलं.

"मला वाटायचं, ह्यानं मला निवडलं आन् त्यांस्नी टाकलं. म्हनून त्याच्याकडं बघू वाटंना. ह्यानं कुटं काय निवडलं? ह्यो तर त्यांच्यातलाच निगाला." त्यांनी सीटवरच्या फडक्याची रेघ आखल्यासारखी घडी घातली. "तीन न्हाई, चार गेल्ते गं पोरी त्या डोंगरात. त्यातला ह्यो एक मी घरी आनला, येवडंच."

आत्या कधी मागे येऊन उभी राहिली आम्हाला कळलं नाही. तिने सगळं ऐकलं होतं. तिचं काय होईल ह्याची मला जास्त धास्ती होती, कारण तिचा देव आज वाचवणारा राहिला नव्हता. ती थोडा वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली आणि मग मामांना म्हणाली, "त्यो तुमच्या संगं घरी आला, मला तेवडं पुरं हाय. पर आज तुमी हितं बसू नगा. त्याला आनलाय तुमी, तर लग्नाला बी तुमीच हुबं ऱ्हावा."

मामांनी हात धुतले, पांढरा शर्ट घातला. चुंबळीसकट दगड तळहातावर घेऊन ते अंगणात आले तेव्हा बायकांची कुजबुज थांबली. शेजारच्या मालतीवहिनी गल्लीत थट्टेला सगळ्यांच्या पुढे. दरवर्षी त्या तोच एक प्रश्न विचारायच्या. उसाला तुळशीचा मामा म्हणायची आमच्याकडे रीत आहे, तर त्या उसाला हात लावून म्हणाल्या, "नवरीचा मामा हुबा हाय. नवऱ्याकडचं कोन आलंय सांगा, मानाचा नारळ द्यायचाय." दरवर्षी आत्या ह्यावर "आमीच की" म्हणून हशा पिकवायची. त्या वर्षी तिने मामांकडे पाहिलं.

मामा ताठ उभे राहिले. हजेरी देताना उभे राहतात तसे.

"नायक भीमराव, पाटनचा," ते म्हणाले. "शिपाई गनपत, वाईचा. शिपाई धोंडिबा, म्हसवडकडचा, मेंढरामागं वाढलेला. तिगं बी आल्यात."

ही नावं आधी कुणी ऐकली नव्हती, पण निम्म्या गल्लीच्या घरात फौजेतलं कुणी ना कुणी होतं. अर्थ सांगावा लागला नाही. मालतीवहिनींनी हातातला नारळ पाटावर ठेवला. मग त्या घरात गेल्या, आणखी दोन आणले आणि पहिल्याशेजारी ठेवले. तिन्हींना हळदकुंकू लावून त्या म्हणाल्या, "पावनं आल्यात. भटजी, अंतरपाट धरा आता." मंगलाष्टकं सुरू झाली. मामांच्या हातावर देव अजिबात हलला नाही, आणि शेवटच्या सावधानला आत्या अक्षता टाकताना तुळशीकडे न बघता मामांकडे बघत होती. मी तिथे उभी राहून रडले, आणि परडीतली चिंच खात खात रडले.

त्या वर्षीपासून दगडाला आंबटाची आंघोळ बंद झाली. स्कूटर लग्नाच्या संध्याकाळी कधी पुसली गेली नाही. मामा असेपर्यंत ते दर कार्तिकात दारोदार नवरदेवाबरोबर जायचे आणि प्रत्येक अंगणात तीच तीन नावं, गावांसकट, सांगायचे. मी लग्न होऊन ह्याच गल्लीत आले. मामा गेले, मागून आत्या गेली, जाण्याआधी देव माझ्या ओटीत घालून गेली. माझे ते कोनोडॉन्ट सांगलीच्या प्रयोगशाळेत एका काचपट्टीवर आहेत. आता मी विद्यार्थ्यांना त्या हद्दीबद्दल शिकवते तेव्हा आकडे, जाती, थर सगळं सांगते आणि शेवटी विचारते, हा मेलेल्यांतला की वाचलेल्यांतला? मुलं उत्साहाने वाद घालतात.

दिवेलागण झाली आहे. कोपऱ्यावरच्या घरचं लग्न लागलं, साखर वाटून झाली. पूनमच्या अंगणात ऊस उभे केलेले इथून दिसतात, पाटावर तीन नारळ मांडलेले आहेत आणि ती दोनदा फाटकापर्यंत येऊन गेली. मी चुंबळ झटकली, नवरदेव तिच्यावर बसवला आणि तळहातावर घेतला. तिने "तीनच का?" असं पुन्हा विचारायच्या आधीच मला उत्तर द्यावंसं वाटतंय. नायक भीमराव, पाटणचा. शिपाई गणपत, वाईचा. शिपाई धोंडिबा, म्हसवडकडचा. आणि त्यांना घरी घेऊन आलेले आमचे मामा, साताऱ्याचे. ह्या वर्षीपासून नारळ चार लागतील, हे मला मंडईतच सुचायला हवं होतं.